वेटसूट घेताना: जाडी लवकर ठरली, मापाने घाम काढला

स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स भाड्याच्या वेटसूटवर (पाण्यात ऊब टिकवणारा रबरी सूट) झाला. तो खांद्यात बसायचा आणि कमरेत पोकळ राहायचा, म्हणून स्वतःचा घ्यायचं ठरवलं. बेळगावात मला कुठे दिसला नाही. गोवावेसच्या तलावापुरते गॉगल-टोपी मिळतात, झालं. मग चोर्ला घाट उतरून गोवा.

जाडीचा प्रश्न चटकन सुटला. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं, म्हणून कोमट वाटणाऱ्या समुद्रातही बराच वेळ राहिलं की हुडहुडी भरते. तरी मालवण काय, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी काय, हंगामात पाणी साधारण २६ ते ३० अंश. ३ मिमी पुष्कळ झालं. दुकानदार ५ मिमीचा आग्रह धरून होता. पण निओप्रीन, म्हणजे सूटचं बुडबुडेदार रबर, जितकं जाड तितकं तरंगतं, मग खाली जायला कमरेला शिसंही तितकंच जास्त. शिवाय खोलीवर त्यातले वायूचे बुडबुडे दबून सूट पातळ होतो. ऊब आणि तरंग दोन्ही घटतात. अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी स्वस्त होता, पण जेलीफिश आणि खडकांची धार बघता हातपाय झाकलेले बरे.

खरी झटापट मापाची. मालवणला बोटीवर काम करणाऱ्या मावसभावाने फोनवर बजावलं होतं, "ताई, कमरेच्या खळगीत हात जाता काय बघ. हात गेलो तर थयसून पाणी येतला." वेटसूटमध्ये पाणी शिरतंच, ते अंगाने तापतं, सारखं नवं पाणी येत राहिलं तर सूट घालून उपयोग काय? एप्रिलच्या उकाड्यात पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून एकेक सूट ओढत होते, मागची चेन ह्यांच्याकडे. छातीला बसेल तो नितंबाला अडे. हात वर, उकिडवं बसणं, मग मोठा श्वास. गळा आवळणारे सूट लगेच परत. पाण्याखाली ते आणखी जाचतं. शेवटी बायकांच्या कटचा एक बसला. बाह्या थोड्या लांब आहेत, पण मनगट घट्ट आहे, चालतंय.

आता कमरेच्या शिशाचं वजन नव्याने ठरवायचंय. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामी करून, श्वास रोखून उभं राहिलं की पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं, आणि श्वास सोडला की खाली जायला हवं. तेवढं मालवणला किनाऱ्याजवळच बघून घेणार.