मलबेरी स्ट्रीटला बसनं

न्यू जर्सीतून सान जेन्नारो या इटालियन संताच्या जत्रेला जायचं असेल तर गाडी घरी ठेवावी. ही जत्रा भरते मॅनहॅटनच्या मलबेरी स्ट्रीटवर, कॅनाल स्ट्रीटपासून वर हाऊस्टनच्या दिशेनं. सप्टेंबरात अकरा दिवस हा रस्ता वाहनांना बंद असतो. आजूबाजूच्या गल्ल्या एरवीही चिंचोळ्याच, आणि पार्किंग मिळालंच तर त्या पैशात घरच्या चौघांचं खाणं होईल. जानेवारी २०२५ पासून साठाव्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी आणली की वेगळा टोलही पडतो. शिवाय भरपेट तळलेलं खाल्ल्यावर कुणीतरी दुसऱ्यानं चाक धरलेलं बरं.

बस दोन तऱ्हेची. एक न्यू जर्सी ट्रान्झिटची नेहमीची. ती लिंकन बोगद्यातून पोर्ट ऑथॉरिटी बस स्थानकाला सोडते. तिथून भुयारानंच भुयारी रेल्वेच्या टाइम्स स्क्वेअर स्टेशनात जायचं, एन, क्यू किंवा आर गाडी धरायची आणि कॅनाल स्ट्रीटला उतरून पूर्वेकडे चालायचं: लाफायेट, सेंटर, बॅक्स्टर, मग मलबेरी. कामाच्या दिवशी सकाळी या बोगद्याकडे येताना बसला स्वतंत्र मार्गिका मिळते, शनिवार-रविवारी नाही. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वेळापत्रकावर विसंबून कुणाला भेटीची वेळ देऊ नये.

दुसरी बस चर्चनं किंवा ज्येष्ठांच्या क्लबनं ठरवलेली. ती बहुधा हॉलंड बोगद्यातून येते, कारण तो उघडतोच कॅनाल स्ट्रीटजवळ. बोगदा १९२७ चा आणि जत्रा १९२६ ची. म्हणजे पहिल्या जत्रेच्या वेळी हडसन नदीखालून मोटारीला वाटच नव्हती. या बसची खरी गोम परतीत आहे. न्यूयॉर्कात उभ्या वाहनाचं इंजिन तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायला बंदी आहे, आणि एवढं धूड उभं करायला त्या भागात जागाही नाही. ड्रायव्हर माणसं उतरवतो आणि लांब कुठेतरी निघून जातो. संध्याकाळी लोक जिथे उतरले तिथेच जाऊन उभे राहतात. बस मात्र जर्सीकडे तोंड करून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला येते, आणि कॅनाल स्ट्रीट संध्याकाळी धावत ओलांडण्यासारखा नाही. म्हणून उतरतानाच कोपऱ्यावरच्या दोन्ही रस्त्यांची नावं आणि ड्रायव्हरचा नंबर लिहून घ्यावा. टर्नपाइकवर, म्हणजे जर्सीतल्या टोलच्या महामार्गावर, बस थांबली की गरज असो वा नसो, शौचालयात जाऊन यावं. जत्रेत त्यासाठी रांग लागते, आणि खानावळी गिऱ्हाइकाखेरीज कुणाला आत सोडत नाहीत.

बसमध्ये बसलेल्यांकडे जरा नीट पाहावं. यातल्या कित्येकांचे आजी-आजोबा याच मलबेरी स्ट्रीटच्या आसपास राहिलेले असतात. १८८० नंतर दक्षिण इटलीतून लोंढे आले. ते इथेही गाववार राहिले: नेपल्सकडचे मलबेरीवर, सिसिलीचे एलिझाबेथ स्ट्रीटवर. नेपल्सचा रक्षक संत मलबेरीवर का बसला, ते यातच आलं. पुढे पैसा आला तशी माणसं ब्रुकलिन, लाँग आयलंड, जर्सी अशी पांगली. १९५० साली लिटल इटलीच्या, म्हणजे या मलबेरीभोवतालच्या वस्तीच्या, गाभ्यात राहणाऱ्या दहा हजारांतले जवळजवळ निम्मे इटालियन वंशाचे होते. २०१० च्या सुमाराच्या जनगणनेच्या पाहणीत ते पाच टक्क्यांवर आले होते आणि प्रत्यक्ष इटलीत जन्मलेला रहिवासी एकही सापडला नाही. चायनाटाउन कॅनाल ओलांडून केव्हाच वर सरकलं आहे. गिरगावच्या चाळीतला गणपती बघायला डोंबिवली-विरारहून लोक यावेत, तसलाच हा प्रकार. मग ही जत्रा ‘खरी’ राहिली नाही अशी कुरकूर दरवर्षी होते. मला ती पटत नाही. वस्ती उठून गेली तरी तिचे लोक वर्षातून एकदा बसचं तिकीट काढून येतात, याहून खरं काय असायचं?

संत मात्र जागेवर आहे. जेन्नारो हा बेनेव्हेंतोचा बिशप. सम्राट डायोक्लीशियनच्या काळात, इ.स. ३०५ च्या सुमारास, त्याचा शिरच्छेद झाल्याचं सांगतात. नेपल्सच्या कॅथेड्रलमध्ये कुपीत जपलेलं त्याचं घट्ट रक्त १९ सप्टेंबरला पातळ होतं अशी श्रद्धा आहे. झालं नाही तर शहर धास्तावतं. मलबेरीवरच्या मोस्ट प्रेशस ब्लड चर्चमध्ये त्याची मूर्ती आहे, तिला सोडलेल्या फितींना लोक डॉलरच्या नोटा टाचतात. मूर्ती मिरवताना पाहायची तर १९ तारखेची संध्याकाळ धरावी. चित्ररथ आणि बँडची मिरवणूक शनिवारी दुपारी असते, पण त्या दिवशी गर्दी माणसाला आपण होऊनच पुढे नेते. गर्दी नको असेल तर मधल्या आठवड्यातला दिवस, आणि साडेअकरा-बाराला दुकानं उघडतानाच. (आपल्याकडच्यांची खरी अडचण वेगळीच. जत्रा पुष्कळदा गणेशोत्सवातच येते, आणि २०२६ मध्ये तर चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे.)

आता खाणं. सुट्ट्या नोटा जवळ ठेवाव्यात आणि सुरुवात झेपोलेनं करू नये, हे कितीही अवघड असलं तरी. मैदा, पाणी आणि यीस्टचं सैल पीठ तेलात सोडून तळलेले हे गोळे. तेल १८० अंशांच्या आसपास हवं; थंड असलं तर गोळा तेल पितो, फार तापलं तर बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. जिथे मागितल्यावर घाणा निघतो त्याच गाडीवर थांबावं, आधीच काढून ठेवलेला ढीग दिसला तर पुढे जावं. गरम गोळे कागदी पिशवीत पिठीसाखरेबरोबर हलवून देतात. पिशवीचं तोंड लगेच उघडं ठेवायचं, नाहीतर वाफेनं साखर विरघळून चिकट लगदा होतो. घास घेताना श्वास आत ओढू नये. साखर घशात जाते आणि ठसका लागतो. काळे कपडे घालून जाणाऱ्यांना काय सांगावं!

आधी घ्यायचं ते सॉसेज अँड पेपर्स: बडीशेप घातलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, तव्यावर परतलेली ढोबळी मिरची आणि कांदा, लांबट पावात. पाव खालच्या टोकाला ओला होऊन फाटतो, म्हणून तिथे कागद गुंडाळलेलाच राहू द्यावा. शाकाहारी माणसानं वांग्याचं पार्मिजान शोधावं, पण त्यातलं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटवर विरजतात, तेव्हा चालेल का हे ज्याचं त्यानं ठरवावं. भाताचे तळलेले गोळे निरुपद्रवी दिसतात आणि पुष्कळदा त्यात खिमा निघतो. लिंबाच्या बर्फाबद्दल मात्र कुणालाच काही विचारावं लागत नाही.

कॅनोली हा कसोटीचा पदार्थ. धातूच्या नळीवर गुंडाळून तळलेली कुरकुरीत नळी आणि आत पाणी निथळवलेल्या रिकोटा या मऊ चीजचं गोड सारण. मागितल्यावर समोर भरून दिली तरच घ्यावी. भरून ठेवलेली तासाभरात मऊ पडायला लागते. नळीच्या पिठात कधी डुकराची चरबी आणि वाईन असते, तेव्हा विचारलेलं चांगलं. ग्रँड स्ट्रीटवरचं फेरारा १८९२ पासूनचं, पण ते वर्षभर उघडं असतं, जत्रेच्या दिवशीच तिथे रांग लावण्यात शहाणपण नाही.

बाकी खेळ, टी-शर्ट, तळलेली ओरिओ बिस्किटं हे कुठल्याही अमेरिकन जत्रेतलं सामान. ते वगळलं तरी काही चुकत नाही.

घरी न्यायला भरलेली कॅनोली कधीच घेऊ नये. बोगद्याच्या तोंडाशी बस तासभर अडकली तर डब्यात शिरा उरतो. नळ्या आणि सारण वेगवेगळं देतील तरच, आणि सारण दुपारी उन्हात घेऊन फिरण्यापेक्षा निघताना घ्यावं. सगळ्यात सोयीचं टोर्रोने: मध, अंड्याचा पांढरा बलक आणि बदाम यांची वडी. बसमध्ये दबत नाही, फ्रिज लागत नाही, आठवडे टिकते. कडक प्रकार घेतलात तर दाढ भरलेल्यांनी जपून.