बहेचा बंधारा आणि एक नारळ

सांगलीच्या माणसाला नदी फुटांत कळते. पावसाळ्यात कुणी भेटलं की "काय कसं काय" नंतरचा दुसरा प्रश्न "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली ५७ च्या वर गेलं तेव्हा आमच्या गल्लीतल्यांनी आकडा विचारायचंच सोडून दिलं होतं. पण ही सगळी भीती पावसाळ्यापुरती. दिवाळी झाली, पाणी निवळलं की तीच नदी आम्हाला घरच्या म्हशीसारखी गरीब वाटायला लागते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाच्याला घेऊन नदीच्या कडेकडेनं वर निघालो, ते याच समजुतीत.

भाचा पुण्याचा, चौदा वर्षांचा. टँकमध्ये पोहायला शिकलेला. गाडीवर मागं बसून आष्ट्यापर्यंत त्यानं मला बटरफ्लाय स्ट्रोक समजावून सांगितला. मी पाठीला डालड्याचा डबा बांधून कृष्णेत शिकलेलो, त्यामुळं हूं हूं करत राहिलो. रस्ताभर ऊस भरलेल्या ट्रॉल्या. एक ओलांडली की पुढं दुसरी, आणि त्यांच्या मागून हलणारी उसाची वाढी तोंडावर. आष्ट्याच्या पुढं इस्लामपूर, म्हणजे आता ईश्वरपूर. पाटी बदलली, जीभ अजून बदलायची आहे. तिथं मिसळ खाल्ली आणि बहेची वाट धरली.

बहेला कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. गोष्ट अशी सांगतात की रामराया इथं शिवलिंगाची पूजा करत बसले असताना नदीला पूर आला, तेव्हा मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दोन्ही अंगांनी वळवलं. बाहूवरून बाहे, बाहेचं बहे. दर्शन घेताना भाचा हळूच म्हणाला, "म्हणजे पहिला बंधारा मारुतीच की मामा." मला हे आधी कधी सुचलं नव्हतं.

दर्शन झाल्यावर बंधाऱ्याकडं गेलो. खरं सांगायचं तर येणाऱ्यांतले निम्मे त्याच्याचसाठी आलेले असतात. वरच्या अंगाला काचेसारखं उभं पाणी, त्यात काठावरच्या झाडांची सावली. बंधाऱ्यावरून पाणी एकसारखं, कापड सोडल्यासारखं खाली पडतं. उंची किती म्हणाल तर एखाद्या घराच्या ओसरीएवढी वाटावी. खाली पांढरा फेस आणि धबधब्याचा आवाज. पोरं मोबाईल काढून उभी, एक कुटुंब डबे उघडून बसलेलं. भाच्यानं बूट काढले. "मामा, हे तर आमच्या टँकच्या डीप एंडपेक्षा कमी असेल."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "पाव्हणं, पोरगं खाली नका सोडू."

साठीच्या पुढचे गृहस्थ, डोक्याला टॉवेल, हातात चहाचा कागदी कप. आमच्याकडं अनोळखी वयस्क माणसाला तात्या म्हटलं की काम भागतं, मीही म्हटलं. तरुणपणी खालच्या अंगाच्या एका बंधाऱ्यावर ते बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायच्या टोळीत होते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: नदीत ओळीनं खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की त्या खाचांत एकावर एक बरगे बसवून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे. वरच्या स्लॅबवरून मोटरसायकली जातात. कठडा बहुतेक ठिकाणी नसतोच. शेवाळ मात्र भरपूर.

"घसरून पडला तर पोहून येईल की," भाचा म्हणाला. त्याला वाटलं तात्यांना त्याचं पोहणं माहीत नाही.

तात्यांनी वाद घातला नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी बोट दाखवलं. फेसात एक नारळ होता, कुणीतरी वाहिलेला. पडत्या पाण्याखाली जायचा, दिसेनासा व्हायचा, चार हात पुढं वर यायचा आणि पुन्हा मागं, बंधाऱ्याकडंच ओढला जायचा. परत खाली. रहाटाला बांधलेल्या गाडग्यासारखा. "कधीचा आहे?" मी विचारलं. "सकाळी आलो तेव्हापासनं."

भाच्यानं मोबाईलवर घड्याळ लावलं. अकरा मिनिटं झाली तरी नारळ तिथंच. पुढची नदी पाच-सात हातांवर शांत वाहत होती आणि नारळाला तेवढं अंतर तोडता येत नव्हतं. मोठा धबधबा बघून माणूस आपोआप लांब राहतो. हे ओसरीएवढं पाणी माणसाला जवळ बोलावतं आणि एकदा घेतलं की सोडत नाही. वरून पडणारी धार तळाकडं जाते, पुढं उसळते, आणि वरचा थर उलटा बंधाऱ्याकडं फिरतो. त्यात फेस म्हणजे निम्मी हवा. हवेवर कोण तरंगणार? टँकमधला स्ट्रोक तिथं हवेत हात मारल्यासारखा.

मला हे कळायला हवं होतं, कारण मी ते एकदा बघितलेलं आहे. सहावी-सातवीत असताना सांगलीच्या बंधाऱ्याखाली आमच्यातला एक जण असाच अडकला. त्याच्यापेक्षा चांगला पोहणारा दुसरा त्याला काढायला उडी मारणार, तेवढ्यात घाटावर अंघोळीला आलेल्या तालमीतल्या एका पैलवानानं त्याची मानगूट धरली. ट्रकची ट्यूब दोराला बांधून फेकली, तिसऱ्या खेपेला हातात आली, आणि चौघांनी ओढून काढला. मग त्या पैलवानानं आम्हा सगळ्यांना ओळीनं एकेक ठेवून दिली. घरी कुणीच सांगितलं नाही. मी भाच्यालाही आजवर सांगितलं नव्हतं. तिथं काठावर बसून सांगितलं.

तात्या ऐकत होते. म्हणाले, "एक बुडतो, त्याला काढायला गेलेले दोघं जातात. दोर टाकावा, ट्यूब टाकावी, रिकामा कॅन टाकावा. आपण पडू नये." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती बाहेरगावच्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना, नदी चढते. वर कोयनेच्या पायथ्याच्या वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं, तर सेकंदाला साधारण साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी सहा टँकर दर सेकंदाला. ते कराडला कृष्णेत येतं आणि तसंच खाली येतं. धरणापाशी सूचना देतात, पण पन्नास-साठ किलोमीटर खाली डबा खात बसलेल्याला ती कोण देणार? खडकावर बसून गेलेला माणूस परत यायला बघतो तो वाट पाण्याखाली. वाळू उपशाच्या खड्ड्यांचं तर विचारूच नका. काल कमरेएवढं होतं तिथं आज पुरुषभर.

"आणि सुसरी?" भाच्यानं विचारलं. मगरी, मी दुरुस्त केलं. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात त्या आहेतच आणि हे दिवस त्यांच्या अंडी घालण्याचे, अशा वेळी मळीच्या, म्हणजे नदीलगतच्या गाळाच्या जमिनीच्या, काठाला उगाच घुटमळू नये. पण मगरीचा फलक बघून माणूस दहा पावलं मागं सरकतो. बंधाऱ्यावरच्या "पोहण्यास मनाई" फलकाला टेकून सेल्फी काढतो. त्या दिवशी तिघांनी काढले.

दुपारी कराडला गेलो. प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळतात, ते बघितलं. यशवंतरावांच्या समाधीपाशी थोडा वेळ बसलो, भेळ खाल्ली. खोडशीला इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, कृष्णा कालवा तिथून निघतो. तोही दाखवायचा होता, पण भाचा म्हणाला, "आज एक बास."

परतीला पेठनाक्यापाशी लक्षात आलं की ताईनं दिलेला स्टीलचा डबा बहेच्या चहाच्या टपरीवर राहिला. ताईचा डबा हरवून घरी जायची माझी छाती नव्हती, म्हणून गाडी पुन्हा आत वळवली. टपरीवाल्यानं धुऊन ठेवला होता. ऊन उतरलं होतं, तात्या गेले होते. भाचा पळत काठापर्यंत गेला, पण पाण्यापासून चांगला दहा-बारा हात अलीकडंच थांबला.

"मामा," तो ओरडला, "आता दोन आहेत."