चादरीवरची हद्द

मुली खाली खेळायला गेल्या आहेत आणि आता तासभर तरी कोणी कोणाची तक्रार घेऊन येणार नाही, अशा भरवशावर मी गेल्या रविवारी दुपारी आडवा व्हायला गेलो, तर आदल्याच दिवशी अंथरलेल्या पिवळ्या चादरीच्या मधोमध, उशांपासून थेट पायथ्यापर्यंत, निळ्या बॉलपेनने ओढलेली एक रेघ दिसली. रेघ पट्टी धरून ओढलेली होती, म्हणजे काम थोरलीचे. खिडकीकडच्या भागात तिने ‘विचारल्याशिवाय येऊ नये’ असे ठसठशीत लिहून ठेवले होते. भिंतीकडच्या भागात धाकटीने, जिची अक्षरओळख अजून बेताचीच आहे, एक मांजर काढले होते. ते राखणीला बसवले आहे, असे मला संध्याकाळी सांगण्यात आले.

चादरीच्या बाबतीत मी जरा विक्षिप्त आहे, हे कबूल केले पाहिजे. सुरकुतलेल्या चादरीवर मला झोप लागत नाही, रात्री सगळे पडल्यावरसुद्धा मी उठून चारी कोपरे गादीखाली खोचत बसतो आणि मुलींची आई अंधारातच “झालं का?” असे विचारते. त्यामुळे त्या दुपारी माझा आवाज चढला. दोघींना वर बोलावले. थोरली नऊ वर्षांची, धाकटी साडेपाचची. एरवी अशा वेळी एकीने दुसरीकडे बोट दाखवायचे हा आमच्या घरचा रिवाज आहे, परंतु त्या दिवशी दोघी एका सुरात म्हणाल्या, “पप्पा, आता आमचं भांडणच होत नाही.”

हद्दीचे नियम ठरलेले होते. पाय पलीकडे गेला तर लिमलेटची एक गोळी, हात गेला तर अर्धी, आणि डोके गेले तर माफ, कारण “झोपेत डोक्याला काय कळतंय?” हा मुद्दा धाकटीने मांडला होता आणि थोरलीने तो मान्य केला होता. अर्धी गोळी कशी करतात, हे मी विचारले नाही. मला ते माहीत आहे आणि त्यात दातांचा संबंध येतो. हिशेब चित्रकलेच्या वहीच्या शेवटच्या पानावर ठेवला जातो. धाकटी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखी फिरत असल्याने पुढच्या तीनच रात्रींत ती अकरा गोळ्यांची देणेकरी झाली. तरीही रोज रात्री दिवा मालवल्यावर पुकारा होतोच, “ओ पप्पा, ही बघा ना, जागी असून माझ्यात यायलीय!”

रागावताना माझी पंचाईत झाली ती मात्र वेगळ्याच कारणाने. आम्ही अंबाजोगाईत राहतो, आणि कापडावर लिहू नये हे या गावात मुलांना कोणत्या तोंडाने सांगावे? थोरलीला दासोपंतांची गोष्ट मीच सांगितली होती. १६१५ साली याच गावी देह ठेवलेल्या या कवीने गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला आणि तेवढ्याने लेखणी थांबेना म्हणून की काय, पाच महाभूतांपासून सृष्टी कशी घडते ते सांगणारे ‘पंचीकरण’ तर थेट लांबलचक पासोडीवर लिहून काढले. त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे, असे सांगतात. गोष्ट सांगण्यामागे अक्षराची गोडी लागावी एवढाच माझा हेतू होता; तिने त्यातले कापड तेवढे उचलले. “त्यांना कोण रागावलं होतं का?” असे तिने विचारले, तेव्हा मी विषय बदलला.

आमच्या लहानपणी हद्द आखावी लागत नसे, ती शिवलेलीच असे. औशाच्या बाजूला आमचे गाव. उन्हाळ्यात आम्ही सहा भावंडे माळवदावर एकाच मोठ्या वाकळेवर झोपत असू. आजीने जुनी लुगडी आणि आजोबांची धोतरे जोडून ती शिवली होती. हिरव्या इरकलीचा तुकडा माझा, धोतराचा पांढरा तुकडा चुलतभावाचा, आणि मधला, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला तांबडा तुकडा कायम वादातला. कालवा वाढला की आजी उठून, न बघताच, हाताला लागेल त्याला एक धपाटा घाली. तो बहुतेक वेळा निरपराध्यालाच बसे. माळवदाची माती रात्री उशिरापर्यंत दिवसाचे ऊन धरून ठेवी. पावसाआधी दरवर्षी तिच्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर पडे आणि छत जड होत जाई. ते किती जड झाले होते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमच्या साऱ्या मुलखाला कळले. आमच्या घराला तडे गेले, तेवढ्यावर निभावले. किल्लारीकडच्या बातम्या येत राहिल्या. त्यानंतर कित्येक दिवस कोणी आत झोपायला धजले नाही. अंगणात ताडपत्रीखाली तीच वाकळ अंथरलेली असे, बाहेर पाऊस पडत असे आणि लहानथोर सगळे तिच्यावर दाटीवाटीने बसून रात्र काढत. माझ्या हिरव्या तुकड्यावर कोणीतरी झोपलेले असे. कोण, ते मी कधी पाहिले नाही. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो.

चादर दोनदा धुतली, लिंबू चोळून पाहिले. रेघ फिकट झाली, पण गेली नाही. मांजराच्या मिशा तेवढ्या गेल्या. शेवटी मुलींच्या आईने ती उलटी करून अंथरली. शाई आरपार उमटलेली असल्याने आता मांजर खिडकीकडे आणि फर्मान भिंतीकडे आले आहे, आणि जागा खिडकीप्रमाणे धरायची की मांजराप्रमाणे, हा दावा काल रात्री पावणेअकरा वाजता माझ्यापुढे आला. मी तेव्हा कोपरे खोचत होतो. मला फार झोप आली आहे, असे मी सांगितले.