टँकर रिकामा कुठं झाला? आमची वाटचाल

सुरुवात आमच्या विहिरीपासनं झाली. २०१३ चा पाऊस संपला आणि पाणी चहासारखं दिसायला लागलं, जनावरं तोंड लावीनात. वरच्या अंगाला मुरमाड रान आहे, तिथं उन्हाळाभर रात्रीचे स्पेंटवॉशचे, म्हणजे डिस्टिलरीत अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचे टँकर सोडलेले, आणि नोंदवहीत ते टँकर भलत्याच गटात गेलेले. तक्रार केली तर पुरावा मागितला, तो आमच्याकडं नव्हता.

स्पेंटवॉश म्हणजे विष नाही हो, त्यात पोटॅश भरपूर असतं, चांगल्या रानात मोजून, पातळ करून दिला तर पिकाला लागू पडतो. पण एक लिटर अल्कोहोलमागं ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो आणि एकाच रानात ओतत राहिलं तर जमीन क्षारपड होते. म्हणून किती, कुठं, कधी हे कुणीतरी मोजायलाच पाहिजे असं मला आणि मावसभावाला वाटलं, फर्म काढली.

पहिल्या वर्षी नुसतं जीपीएस बसवलं आणि फसलो. टँकर नकाशावर बरोबर गटात दहा मिनिटं उभा, माल मात्र पुढच्या ओढ्यात. मग मागच्या व्हॉल्व्हला सेन्सर लावला, व्हॉल्व्ह उघडला की वेळ आणि जागा नोंद, रेंज नसली तर डिव्हाइस साठवून ठेवतं आणि नंतर पाठवतं. त्याहून जास्त घाम गावनकाशानं काढला. जुन्या मोजणीचा नकाशा सॅटेलाइट फोटोवर ठेवला की बांध सरकतो, एकाचा टँकर शेजाऱ्याच्या गटात दिसतो आणि भांडण आपल्या गळ्यात! शेवटी शेतकऱ्याला सोबत घेऊन मोबाईल हातात धरून बांधाबांधानं चालायला लागलो, अजून तसंच करतो, त्याला दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.

आता बऱ्याच डिस्टिलरी स्पेंटवॉश आटवून बॉयलरला जाळतात, त्यामुळं आमचं काम प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि कंपोस्टच्या डंपरकडं वळलंय. तिथं व्हॉल्व्ह नाही, म्हणून हौदा उचलल्याचा सेन्सर, आणि वजनकाट्याची पावती त्याच खेपेला जोडलेली. माती आधी तपासतो, टाकल्यावर परत तपासतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक खेपेचा मेसेज शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जातो, मालकाला जातो तोच. या हंगामात एका आजींनी मोबाईल दाखवून डंपर बांधावरनंच परत पाठवला, माझ्या रानाच्या खेपा पुऱ्या झाल्यात म्हणाल्या.