रेडवुड क्रीक: मुक्काम झाडांत, वेळापत्रक नदीचं

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली आपली बहुतेक मंडळी रेडवुडची उंचच उंच झाडं बघायला म्युर वुड्सला जातात. भारतातून पाहुणे आले की ठरलेलंच: पार्किंगचं आरक्षण, लाकडी फळ्यांची वाट, भरपूर फोटो आणि येताना सॉसालिटोला कॉफी. त्यात वाईट काही नाही, पण ही झाडं रात्री कशी असतात हे तिथे कळणार नाही, कारण म्युर वुड्समध्ये मुक्कामाला परवानगीच नाही. नळ नाही, दिवा नाही, शेजारच्या आरव्हीचा जनरेटर नाही अशा जागी सगळं सामान पाठीवर नेऊन राहायचं असेल, तर गाडी बरीच उत्तरेला हाकावी लागते. जूनच्या अखेरीस आम्ही रेडवुड राष्ट्रीय उद्यानात, ऑरिक गावाजवळच्या रेडवुड क्रीक या नदीवर गेलो. मी, बायको आणि पुण्याहून आलेला मेहुणा. सह्याद्रीत भरपूर भटकलेला, त्यामुळे सॅक कशी भरायची हे त्याला शिकवावं लागलं नाही.

सॅन होजेहून साडेसहा-सात तास लागतात. १०१ नंबरचा हायवे धरून वर जायचं. युरेका-आर्केटाला पेट्रोल, स्टोव्हचा गॅस, राहिलेलं किराणा सामान सगळं घेऊन टाका. ऑरिक अगदी लहान आहे, तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. ऑरिकच्या थोडं पुढे बाल्ड हिल्स रोडला वळलं की अर्ध्या मैलाच्या आत ट्रेलचा फाटा येतो. फोनच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा आणि परमिट घरूनच उतरवून घ्या.

परमिट लागतंच. ते आधी ऑनलाइन अर्ज करून घ्यायचं, आणि आम्ही गेलो तेव्हा त्याला शुल्क नव्हतं. राहायच्या दोन तऱ्हा आहेत. एलम कॅम्प आणि फॉर्टी-फोर कॅम्प या ठरलेल्या जागा: टेबल, साधा संडास, अन्न ठेवायला लोखंडी पेटी. दुसरी तऱ्हा म्हणजे नदीपात्रातल्या गोटे-वाळूच्या पट्ट्यावर आवडेल तिथे तंबू लावणं. मॅकआर्थर क्रीक हा ओढा नदीला जिथे मिळतो तिथून वरच्या अंगाला कुठेही चालतं, फक्त टॉल ट्रीज ग्रोव्ह या उंच झाडांच्या राईच्या पाव मैलाच्या आत नको. आम्ही हीच तऱ्हा निवडली.

तुमची तारीख झाडांवर नाही, नदीवर ठरते. फाट्यापासून दीड मैलावर वाट नदी ओलांडते, आणि पुढे टॉल ट्रीजच्या अलीकडे पुन्हा एकदा. दोन्हीकडे लाकडी साकव आहेत, पण हंगामी. उन्हाळ्याच्या तोंडाशी बसवतात आणि पावसाआधी काढून ठेवतात. साधारण जून ते सप्टेंबर हा भरवशाचा काळ, तरी निघण्याआधी पार्ककडे चौकशी करा, दरवर्षी तारखा सरकतात. साकव नसताना वाळल्या दिवसात पाण्यातून जाता येतं, पण हिवाळ्यात नाही म्हणजे नाही. आपल्याकडे आषाढात ओढा चढला की गाववाले जसं अलीकडेच थांबायला सांगतात, तसं इथे सांगायला कोणी नसतं. इथला पाऊस ऑक्टोबर ते एप्रिलचा, आणि वर्षाला दीड-दोन हजार मिलिमीटर पडतो.

सुरुवातीची वाट बरीचशी सपाट आहे, काही भाग जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यावरूनच जातो. पहिल्या तासात प्रचंड झाडं दिसतील अशी अपेक्षा ठेवलीत तर हिरमोड होईल. अल्डर, मेपल, तोडीनंतर उगवलेली रेडवुडची तरणी झाडं, आणि मध्येच खोलीएवढे रुंद जुने बुंधे. हे बुंधे बघून पुढे जाऊ नका, जरा थांबा. १९६८ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा या खोऱ्यात त्याची हद्द नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेली एक अरुंद पट्टी होती, तिला लोक ‘द वर्म’ म्हणत. वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली. पुरांबरोबर उतारांची माती-दगड खाली आले, पात्र भरून वर आलं आणि काठाच्या सर्वांत उंच झाडांच्या मुळांशीच धोका उभा राहिला. म्हणून १९७८ मध्ये उद्यान ४८,००० एकरांनी वाढवलं, आणि त्यातली बहुतेक जमीन तोवर तोडून झालेली होती. तेव्हापासून लाकूडतोडीचे जुने रस्ते उखडून डोंगरउतार पूर्ववत करायचं काम चालू आहे.

तंबूची जागा बघताना मेहुण्याने विचारलंच, “दाजी, एवढ्या जंगलात आलो आणि तंबू गोट्यांवर?”

प्रश्न रास्त आहे. नियमाचा भाग सोडा, झाडाखाली तंबू लावायचा नाही याची कारणं तिथे रात्रभर ऐकू येतात. समुद्रावरून आलेलं धुकं शेंड्यांना अडकतं आणि पाऊस नसतानाही खाली टपटप गळत राहतं. कोरड्या उन्हाळ्यात ही झाडं जगतात ती बरीचशी या पाण्यावर. शिवाय वारा सुटला की वरच्या वाळक्या फांद्या निसटतात, आणि शंभर मीटरवरून पडणारी फांदी तंबू-माणूस काही बघत नाही. रेडवुडची मुळंही खोल नसतात, आडवी पसरतात. वर माणसांचा मुक्काम पडत राहिला तर जमीन दाबली जाते. पुराचं पाणी दर हिवाळ्यात गोट्यांचा पट्टा धुऊन काढतं, तिथे आपली खूण राहत नाही. आणि आकाश दिसतं, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटलं. दाट रेडवुडमध्ये दिवसाही उजेड तोकडा असतो.

गोट्यांवर पेग ठोकायच्या भानगडीत पडू नका, वाकतात. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू न्या आणि दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधा. पाण्याच्या अगदी लगत नको, थोडं उंचावरचं सपाट बघा. खाली जाड मॅट हवीच. जूनमध्येही रात्री थंड हवा खोऱ्यात उतरते, पारा दहा अंशांच्या आसपास येतो. सकाळी तंबूच्या आतल्या अंगाला पाणी साचतं, म्हणून झडपा थोड्या उघड्या ठेवा आणि स्लीपिंग बॅग कापडाला टेकू देऊ नका. कापसाचे कपडे घरी. कोरडे मोजे एक जोडी जास्त.

पाणी नदीचंच, पण गाळून किंवा उकळूनच प्यायचं. साबण नदीत अजिबात नको. या पाण्यात सॅमन आणि स्टीलहेड मासे अंडी घालायला येतात. शौचासाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर, वीतभर खड्डा खणून, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. लहान खुरपं विसरू नका. शेकोटीचे नियम परमिटवर असतात, उन्हाळ्यात आगबंदी लागू शकते. आम्ही स्टोव्हवरच भागवलं.

आता जेवण. ठरलेल्या जागी पेटी असते, पात्रात ती नसते, म्हणून अस्वलाला न उघडणारा डबा सोबत हवा. काही ट्रेकिंगच्या दुकानांत तो भाड्याने मिळतो. काळी अस्वलं इथे आहेत. आपल्याकडचं जेवण वासाचं. पिठल्याचं तयार पीठ, मेतकूट, लसणाची चटणी हे सगळं झिपच्या पिशव्यांत घालून डब्यात, टूथपेस्टसकट. डबा तंबूपासून लांब, आणि स्वयंपाकही तंबूपासून लांब. फोडणीचा मोह बायकोने मोडून काढला ते बरंच झालं. वास जाकिटाला धरला असता आणि जाकीट उशाला.

अस्वलापेक्षाही सांडलेल्या शेवेची काळजी घ्या, हे मी मुद्दाम सांगतो. डोक्यावर तुरा असलेला निळा स्टेलर्स जे नावाचा पक्षी स्टोव्ह पेटायच्या आत हजर होतो. कावळ्याच्या कुळातला, तितकाच आगाऊ. माणसांच्या उष्ट्यावर यांची संख्या वाढते आणि मग ते मार्बल्ड मरलेट या समुद्रपक्ष्याची अंडी-पिल्लं शोधून खातात. मरलेट समुद्रावर जगतो, पण अंडं घालायला आत येतो आणि जुन्या झाडाच्या उंच, शेवाळलेल्या फांदीवर एकच अंडं घालतो. त्याचं घरटं कुठे असतं हे बराच काळ कोणाला माहीत नव्हतं. १९७४ मध्ये बिग बेसिनला झाडावर चढलेल्या माणसाला ते सापडलं. आम्ही खाली कागद पसरून जेवलो आणि पडलेला चुरा गोळा करून डब्यात टाकला. मेहुणा पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी स्वतःच वाकून शेव वेचत होता.

सॅक तंबूत ठेवून टॉल ट्रीज ग्रोव्हला जाऊन यायला एक अख्खा दिवस द्या. फाट्यापासून ते सुमारे आठ मैलांवर आहे. १९६३ मध्ये इथल्या एका झाडाची उंची सुमारे ११२ मीटर भरली आणि ते तेव्हा जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड ठरलं. झाडं इथे एवढी का वाढली, ते पायाखालीच दिसतं: नदीच्या वळणावर पुराने आणून टाकलेला सपाट गाळ. जमिनीवर तीन पानांची सॉरेल पसरलेली असते. वरून उन्हाचा एखादा कवडसा तिच्यावर पडला की काही मिनिटांत पानं खाली मिटतात, सावली आली की परत उघडतात. गुडघे टेकून हे बघत बसा, उंची बघून मान दुखायला लागल्यावर तर नक्कीच.

‘हायपेरियन कुठेय?’ हे विचारू नका. २००६ मध्ये सापडलेलं, जवळपास ११६ मीटरचं, आज जगातलं सर्वांत उंच ज्ञात असलेलं ते झाड या उद्यानात आहे, पण तिथे जायला वाट नाही. शोधणाऱ्यांनी आसपासचं रान तुडवून टाकलं, म्हणून २०२२ पासून तो भाग बंद आहे. पकडलं गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. खालून शेंडा तसाही दिसत नाही, मग ११२ काय आणि ११६ काय.

ओलसर जागी तांबूस पोटाची, खरबरीत पाठीची, पालीसारखी दिसणारी न्यूट दिसेल. विषारी असते, मुलांना हात लावू देऊ नका. काठाच्या झुडपांत अंगाला खाज आणणारं पॉयझन ओक आहे: चकचकीत पानांचं त्रिदल दिसलं की लांबून. लांब विजार घाला, संध्याकाळी अंगावर गोचीड बघा. रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणं बहुधा ऑरिकच्या आसपास हायवेलगतच्या कुरणात दिसतात. गाडीतूनच बघा, नर अंगावर येतो.

लहान मुलं बरोबर असतील तर पात्रातला मुक्काम सोडा आणि एलम कॅम्प घ्या, तीन मैलांवर आहे, संडास आणि पेटी दोन्ही. आणि ज्यांना फक्त टॉल ट्रीज बघायचंय, मुक्काम नकोय, त्यांच्यासाठी वरून गाडीचा रस्ता आहे. त्याचं परमिट वेगळं, मोजक्याच गाड्यांना मिळतं, आणि गेटचा कोड त्यासोबत येतो. तिथून उतरताना सोपं वाटतं, पण परतीची सगळी चढण शेवटाला येते, तेव्हा पाण्याची बाटली भरून न्या.