बाकावरून दिसणारा खेळ

इंदूरच्या रेसकोर्स रोडवरील बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मी कॉलेजची चार वर्षे खेळलो, म्हणजे खरे सांगायचे तर त्यांतला बराच काळ बाकावर बसलो. आम्हाला शिकवणारे सरही बाकावरचेच खेळाडू होते. बारा वर्षांत ते तीन खात्यांच्या संघांतून खेळले. प्रत्येक ठिकाणी नोकरी मिळाली, जर्सी मिळाली, पण पहिल्या पाचांत नाव क्वचितच लागले. एका संघाने तर स्पर्धेच्या आदल्या रात्री त्यांना वगळले होते. ती गोष्ट ते हसत सांगत, मात्र दर महिन्याला सांगत.

सराव संपला की सर पायरीवर खारे शेंगदाणे मांडत: पाच सालीसकट, पाच सोललेले, असे दोन संघ. मग एक दाणा सरकवून विचारत, "हा इथे आला, तर तुझा माणूस कुठे जाईल?" माझ्या माणसाचे मला सांगता येई, उरलेल्यांचे विचारले की मी गप्प. सरांना दहाही दाण्यांचे पुढचे पाऊल ठाऊक असे. ज्या दाण्याने चूक केली तो ते खाऊन टाकत, त्यामुळे शेवटी आमच्या संघात तिघेच उरत.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक झालेला टायरन लू, त्याची कारकीर्द पाहताना मला हे सर हटकून आठवतात. सहा फूट उंचीचा हा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणारा खेळाडू, १९९८ ते २००९ या ११ हंगामांत लेकर्स, विझार्ड्स, मॅजिक, रॉकेट्स, हॉक्स, मॅव्हरिक्स आणि बक्स अशा सात संघांकडून खेळला. २००१ च्या अंतिम मालिकेपूर्वी लेकर्सच्या सरावात त्याला प्रतिस्पर्धी ॲलन आयव्हर्सन बनून खेळावे लागले. पहिल्याच सामन्यात खऱ्या आयव्हर्सनने ४८ गुण केले आणि जादा वेळेत लूसमोर बास्केट करून, खाली पडलेल्या लूला ओलांडून तो पुढे गेला. लेकर्सने मालिका ४-१ अशी जिंकली, तरी लोकांच्या लक्षात ते ओलांडणेच राहिले. मला मात्र सरावातला लू जास्त मोलाचा वाटतो, कारण दुसऱ्याचा खेळ अंगावर चढवायचा तर तो केव्हा थांबतो, कोणत्या बाजूने वळतो आणि कशाला बिचकतो हे सगळे टिपावे लागते. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी नव्या शहरात नवे डाव पाठ करणाऱ्याला स्वतःची एकच जागा सांभाळून भागत नाही. कोण जखमी होईल आणि कोणाच्या जागी उतरावे लागेल, याचा नेम नसतो.

निवृत्तीनंतर लू बोस्टनमध्ये प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकला, पुढे क्लिपर्स संघामार्गे क्लीव्हलँडला सहायक म्हणून गेला आणि जानेवारी २०१६ मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, तिथला मुख्य प्रशिक्षक झाला. अंतिम मालिकेत त्याचा संघ १-३ असा मागे पडला होता. समोर त्या हंगामात विक्रमी ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेट होता आणि त्यांचे प्रशिक्षक होते स्टीव्ह कर, म्हणजे तेही सहा संघ फिरलेले राखीव गार्ड! बास्केटबॉलच्या सर्वात मोठ्या सामन्यात दोन्हीकडचे डाव बाकावरून उठलेली माणसे आखत होती, याचे आम्हा दोघांनाही भारी कौतुक होते.

क्लीव्हलँडने मालिकेत ३-३ अशी बरोबरी साधली. निर्णायक सातवा सामना आपल्याकडे २० जूनच्या पहाटे साडेपाचला सुरू झाला, म्हणून मी लोकमान्य नगरात सरांच्या घरी गेलो. काकूंनी जिरावण टाकलेल्या पोह्यांच्या बश्या आणून ठेवल्या, त्या गार होत राहिल्या. ८९-८९ अशी बरोबरी काही केल्या सुटेना. शेवटच्या मिनिटात कायरी आयर्विंगने तीन गुणांचा फटका मारला, क्लीव्हलँड ९३-८९ ने जिंकले आणि मी उड्या मारू लागलो. सर जागेवरून हलले नाहीत. त्यांनी पोह्यांतले शेंगदाणे वेचले आणि बशीच्या काठावर मांडले.

"फटका सगळेच बघतात. त्याच्या आधीचे बघ. आयर्विंगवर गोल्डन स्टेटचा थॉम्पसन होता, तो बचावाला पक्का. मग क्लीव्हलँडच्या स्मिथला स्क्रीन लावायला, म्हणजे थॉम्पसनच्या वाटेत आडवे उभे राहायला पाठवले, कारण स्मिथवर होता करी. झाली अदलाबदल, आयर्विंगसमोर करी आला. आता त्याला हवा तसा फटका मारता येणार."

एवढे बोलून त्यांनी करी उचलला आणि तोंडात टाकला.