काजूएवढ्या हाडाने खाल्लेला सीझन

मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींत, हाडं मोडतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं की प्लेट बसवून घ्यायची आणि महिना-दीड महिन्यात गाडीवर परत यायचं, असे चार-पाच जण माझ्याच २५० सीसीच्या वर्गात आहेत. माझा सीझन मात्र मनगटातल्या काजूएवढ्या हाडाने खाल्ला. त्यात निम्मी चूक माझी.

पडणंही फार थोर नव्हतं. सराव चालू होता. डबलवर, म्हणजे दोन उंचवटे आणि मध्ये खड्डा अशा जागी, उडी थोडी कमी पडली. पुढचं चाक दुसऱ्या उंचवट्याच्या तोंडावर आपटलं, मी हँडलवरून पुढे फेकला गेलो आणि उजवा हात आपोआप जमिनीवर टेकला गेला. सूज बेताची. एक्स-रे स्वच्छ. "मुरगळलंय, पण दोन आठवड्यांनी नक्की दाखवायला या," डॉक्टर म्हणाले. दोन आठवड्यांनी शर्यत होती. गेलो नाही.

अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. त्याच्या तळाशी हे हाड असतं, स्कॅफॉइड. त्याची ताजी चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून तर पुन्हा बोलावतात. दुसरी भानगड रक्तपुरवठ्याची. तो बहुतांश या हाडाच्या बोटांकडच्या बाजूने शिरतो आणि उलटा कोपराकडे जातो. हाड मध्ये मोडलं की कोपराकडचा तुकडा उपाशी राहतो. हे सगळं मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर मी मनगटाला घट्ट टेप गुंडाळून शर्यती मारत होतो. मेकॅनिकला सांगितलं नाही, ट्रेनरला तर नाहीच. मी कुठल्या कारखान्याच्या टीमचा पगारी रायडर नाही. गाडी माझी, ट्रक माझा, स्पॉन्सरचा बोनस निकालावर. घरी बसलो की आवक बंद. दुखणं लपवण्याला हे कारण पुरेसं वाटलं होतं.

एके दिवशी जोर मारताना उजवा तळवा जमिनीवर टेकवताच आला नाही. सीटी स्कॅनमध्ये चीर तर होतीच, वर तिच्या दोन्ही कडा पांढऱ्या, गुळगुळीत झालेल्या. हाडाने जुळायचा नाद सोडून दिला होता. कमरेच्या हाडातून तुकडा काढून मधे भरला आणि आरपार स्क्रू बसवला. गंमत म्हणजे नंतर आठवडाभर मनगटापेक्षा कंबरच जास्त ठणकत होती.

प्लास्टरच्या दिवसांबद्दल काय लिहू? बसून सायकल, पोटाचे व्यायाम आणि दुसऱ्यांच्या शर्यतींचे व्हिडिओ. जर्मन रायडर केन रॉक्झनचं तेव्हा फार वाचलं. २०१७च्या जानेवारीत पडून त्याच्या हाताची दुर्दशा झाली, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि सुपरक्रॉसची, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची, पुढची मुख्य शर्यत जिंकायला २०२०चा जानेवारी उजाडला. धीर येण्याऐवजी आकडे मोजूनच माझ्या पोटात गोळा आला.

बारा आठवड्यांनी पुन्हा सीटी. अर्ध्याहून जास्त हाड जुळलेलं. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मला वाटलं, संपलं. खरं काम तिथून पुढे सुरू झालं. मनगट मागे जेमतेम ३५ अंश वळत होतं, आणि थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरची मूठ, धरायचा हात तोच. फुल थ्रॉटलला मनगट मागे मोडतं, त्यात उडीवरून खाली आदळलं की सगळा भार नेमका त्या स्क्रूवर.

ट्रेनरने मला सोळा वर्षांच्या पोरासारखं पहिल्यापासून शिकवलं. थ्रॉटल सरळ मुठीत पकडायचा नाही, दाराची गोल मूठ फिरवतो तसा तिरका धरायचा, कोपर वर. मग पिळताना मनगट फारसं मागे जात नाही. गाडी हातांनी नव्हे, गुडघ्यांनी धरायची. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. दहा वर्षं मनगटाच्या जोरावर खपून गेलं होतं, एवढंच.

पहिले दोन आठवडे नुसती वळणं. उडी नाही. मग टेबलटॉप, कारण त्याचा माथा सपाट असतो आणि उडी कमी पडली तरी माणूस वाचतो. डबल सर्वांत शेवटी. सलग दहा मिनिटं, मग पंधरा, मग वीस. विसाव्या मिनिटाला आर्म पंप: कोपराखालचे स्नायू फुगून दगड होतात, बोटांत जीव राहत नाही आणि क्लच कुठे आहे तेही कळत नाही. मनगटाच्या भीतीने मी बार आवळत होतो आणि आवळल्यामुळेच हात भरत होते. हे सुटायला महिना गेला.

शर्यतीआधीच्या तपासणीत डॉक्टरने तो खळगा अंगठ्याने दाबला. दुखलं नाही. सही मिळाली.

दिवसाला दोन मोटो, म्हणजे दोन शर्यती, प्रत्येक ३० मिनिटं अधिक ट्रॅकच्या दोन फेऱ्या (लॅप). सुरुवातीला गाड्या अडवणाऱ्या आडव्या गेटवर आम्ही चाळीस जण. पाच सेकंदांची पाटी दिसली की पुढच्या पाच ते दहा सेकंदांत गेट कधीही पडतं. घाई केली तर त्याच्यावरच आपटायचं. मी घाई केली नाही, उलट उशीरच केला. पहिल्या वळणावर तिसाव्याच्या आसपास होतो, तोंडावर सगळ्यांची माती. संपलं तेव्हा सतरावा. पहिल्याला २५ गुण, सतराव्याला ४. त्या चारांवर मी दुपारपर्यंत तरंगत होतो.

दुसऱ्या मोटोत बावीसावा, गुण शून्य. शेवटून तिसऱ्या लॅपला हात भरायला लागले. मेकॅनिकच्या पाटीवर नेहमी माझा नंबर आणि पुढच्याशी असलेलं अंतर असतं. त्या लॅपला त्याने दोन्ही पुसून खडूने फक्त एवढंच लिहिलं होतं: कोपर.